बायबल कॉलेजची मान्यता: कोणाची, कशासाठी आणि तपासायची कशी

बायबल कॉलेजच्या माहितीपत्रकावर 'मान्यताप्राप्त' हा शब्द असतोच. शेजारी गोल शिक्का, त्यात पृथ्वीगोल, खाली चार-पाच आद्याक्षरं, आणि ठळक अक्षरांत 'गव्हर्नमेंट ऑफ इंडिया रजिस्टर्ड'. यातलं प्रत्येक अक्षर खरं असूनही ती पदवी कुठेच चालत नाही, असं घडतं. उलट यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) नाव कुठेही न छापणाऱ्या एखाद्या सेमिनरीची (पाळक-धर्मगुरू घडवणाऱ्या कॉलेजची) पदवी मंडळीत (चर्चमध्ये), दुसऱ्या सेमिनरीत आणि परदेशातही विनातक्रार स्वीकारली जाते. धर्मशिक्षणात मान्यता देणारं एकच कार्यालय नाही. बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची मान्यता वेगळी, एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची वेगळी, व्हॅटिकनची वेगळी, अमेरिकेतल्या संस्थांची वेगळी. प्रत्येकीचं नाणं आपापल्याच बाजारात चालतं. त्यामुळे नुसतं 'कॉलेज मान्यताप्राप्त आहे का?' असं विचारून काही हाती लागत नाही. मान्यता कोणाची, नेमक्या कोणत्या अभ्यासक्रमाला, आणि पदवी दाखवायची कुठे, हे एकदमच विचारावं लागतं.

पदवी कुठे दाखवायची ते आधी ठरवा

प्रवेश घेण्याआधी ही एकच गोष्ट कागदावर लिहून काढली तरी अर्धं काम होतं.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथडिस्ट अशा जुन्या मंडळ्यांमध्ये पाळकीय दीक्षा घ्यायची असेल, तर तुमच्या डायोसिसचा (बिशपच्या क्षेत्राचा) किंवा कॉन्फरन्सचा (मेथडिस्टांच्या विभागाचा) नियम हाच कायदा. या मंडळ्या साधारणपणे सेरामपूरची पदवी धरून चालतात. काही ठिकाणी उमेदवाराला मंडळीच पाठवते आणि कॉलेजही तीच ठरवते. अशा वेळी आधी प्रवेश घेऊन नंतर बिशपांकडे जाणं म्हणजे उलटा प्रवास. आधी डायोसिसच्या कार्यालयातून कोणती पदवी चालेल ते लेखी घ्या.

स्वतंत्र मंडळीत किंवा सुवार्ताकार्यात राहायचं असेल, तर औपचारिक मान्यतेची गरज मुळातच कमी. तिथे शिकवणारे कोण आणि शिकवतात काय याला जास्त वजन असतं. एका वर्षाचा चांगला प्रमाणपत्र अभ्यासक्रम, मराठीतून, मान्यतेशिवाय, हा पूर्णपणे प्रामाणिक पर्याय आहे. फसवणूक सुरू होते ती अशाच अभ्यासक्रमाला 'डॉक्टरेट' म्हटलं की.

पुढे एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी), पीएच.डी. करून सेमिनरीत शिकवायचं असेल, तर पहिल्याच पदवीपासून मान्यतेची साखळी अखंड लागते. आणि विद्यापीठात प्रवेश, सरकारी नोकरी किंवा शाळेतली शिक्षकाची जागा डोळ्यांसमोर असेल, तर बायबल कॉलेजच्या आधी किंवा सोबत एखाद्या नेहमीच्या विद्यापीठाची बी.ए. करून ठेवा. हा सल्ला रुक्ष वाटतो. पण बायबल कॉलेजच्या पदवीच्या जोरावर नोकरीच्या जाहिरातीतला 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी' हा रकाना भरायला गेलेल्यांचे अर्ज छाननीतच अडकतात.

भारतात पदवी देण्याचा अधिकार कोणाला

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ मधलं कलम २२ सरळ आहे: केंद्राच्या, प्रांताच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. कलम २३ नुसार अशा दर्जाशिवाय नावात 'युनिव्हर्सिटी' लावता येत नाही. कलम २४ मधला दंड मात्र जास्तीत जास्त १,००० रुपये. एवढ्या दंडाला घाबरून कोण दुकान बंद करणार?

यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी काढते. आंध्र प्रदेशातल्या गुंटूरचं 'क्राइस्ट न्यू टेस्टामेंट डीम्ड युनिव्हर्सिटी' आणि विशाखापट्टणमचं 'बायबल ओपन युनिव्हर्सिटी ऑफ इंडिया' ही दोन नावं त्या यादीत आलेली आहेत. यादी जरूर पाहा, पण यादीत नाव नाही म्हणजे संस्था खरी, असा अर्थ काढू नका. नावात 'युनिव्हर्सिटी' न लावता 'इंटरनॅशनल थिऑलॉजिकल अकॅडमी' असं काही लावणाऱ्या संस्था त्या चाळणीतून सहज निसटतात.

खालच्या कागदांपैकी एकही शैक्षणिक मान्यता नाही. माहितीपत्रकात मात्र सगळे तशाच थाटात छापलेले दिसतात: सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खालची नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडची विश्वस्त संस्थेची नोंदणी, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची नोंदणी), आयएसओ ९००१, ट्रेडमार्क. पहिल्या तीन कागदांवरून एवढंच कळतं की संस्था कायद्याने अस्तित्वात आहे. आयएसओ कार्यपद्धतीबद्दल असतं, अभ्यासक्रमाबद्दल नाही. आणि उद्यमचं प्रमाणपत्र मसाल्याच्या गिरणीलाही मिळतं.

नॅकबद्दल गैरसमज फार आहे. नॅक (राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद) १९९४ मध्ये स्थापन झालं आणि ते यूजीसीच्या चौकटीतल्या विद्यापीठ-महाविद्यालयांचं मूल्यांकन करतं. केवळ ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) शिकवणारी सेमिनरी साधारणपणे त्या रांगेत नसतेच. त्यामुळे सेमिनरीला नॅकचा दर्जा नसणं हा दोष नाही, आणि एखाद्या छोट्या बायबल कॉलेजने 'नॅक ए प्लस' छापलं असेल तर नॅकच्या संकेतस्थळावर ते नाव शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सेरामपूर

प्रोटेस्टंट सेमिनऱ्यांसाठी भारतातला सर्वांत जुना आणि कायद्याने भक्कम रस्ता सेरामपूरचा. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये हे कॉलेज काढलं. सेरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत होती, म्हणून पदवी देण्याची सनद आली ती डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याच्याकडून, १८२७ मध्ये. १८४५ मध्ये ते गाव इंग्रजांनी विकत घेतलं, तेव्हाही सनदेचे हक्क शाबूत राहिले. ईश्वरविज्ञानाच्या पहिल्या पदव्या १९१५ मध्ये दिल्या गेल्या आणि १९१८ च्या बंगालच्या सेरामपूर कॉलेज अधिनियमाने सगळ्याला आजचं रूप मिळालं. (मराठी माणसाला कॅरी परका नाही. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा हाच.)

व्यवहारात हे असं चालतं. पदवी देते ती 'सेनेट ऑफ सेरामपूर कॉलेज'. देशभरातल्या सेमिनऱ्या तिला संलग्न असतात: बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, कोलकात्याचं बिशप्स कॉलेज, पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी. ही शेवटची १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. अभ्यासक्रम सेनेटचा, परीक्षेचं नियंत्रण सेनेटचं, आणि प्रमाणपत्रावर नावही सेनेटचं. तपासणीची पहिली खूण इथेच सापडते: 'आम्ही सेरामपूरशी संलग्न आहोत' म्हणणारं कॉलेज स्वतःच्या लेटरहेडवर बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) देत असेल, तर ती सेरामपूरची बी.डी. नाही.

दुसरी खूण जास्त महत्त्वाची. संलग्नता कॉलेजला सरसकट मिळत नाही, पातळीनुसार मिळते. एखाद्याला फक्त बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) पर्यंत, एखाद्याला बी.डी. पर्यंत, एम.टीएच. तर शाखेगणिक वेगळी. जुना करार आणि नवा करार शिकवायची परवानगी असलेल्या सेमिनरीला मंडळीच्या इतिहासातली एम.टीएच. आपोआप चालवता येत नाही. त्यामुळे एकाच इमारतीत, एकाच वर्गात, सेरामपूरचे विद्यार्थी आणि कॉलेजच्या स्वतःच्या डिप्लोमाचे विद्यार्थी शेजारी बसलेले असू शकतात. शिक्षक तेच, पुस्तकं तीच, पण चार वर्षांनी हातात पडणारे कागद अगदी निराळे.

म्हणून प्रवेशाच्या वेळी नेमका प्रश्न विचारा: 'माझी नोंदणी सेनेटकडे होणार का, कोणत्या पदवीसाठी, आणि नोंदणी क्रमांक कधी मिळेल?' उत्तर 'हो हो, होऊन जाईल' असं आलं तर फी भरायची घाई नको. सेनेटच्या संलग्न कॉलेजांच्या यादीत कॉलेजचं नाव आणि नावापुढची पदवी दोन्ही जुळली पाहिजेत. पात्रताही पाहून घ्या. बी.टीएच.ला बारावी लागते, बी.डी.साठी आधीची पदवी लागते. बारावीच्या विद्यार्थ्याला थेट बी.डी.ला घेतलं असेल, तर सेनेटच्या नोंदणीत ते कुठेतरी अडणारच.

माध्यमाचा प्रश्न मराठी विद्यार्थी विचारायला लाजतात. वर्ग इंग्रजीत असेल तर उत्तरपत्रिका, प्रबंध, वाचन, सगळं इंग्रजीत. गुण जाण्याचं मोठं कारण विषय न कळणं हे नसतं, वीस-पंचवीस पानांचं इंग्रजी टिपण लिहिता न येणं हे असतं.

एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन

एटीए १९७० मध्ये सुरू झाली. इव्हँजेलिकल (बायबलच्या अधिकारावर आणि सुवार्तेवर भर देणाऱ्या) विचारांच्या सेमिनऱ्या हिच्याकडे जातात. आयसीईटीई या जागतिक परिषदेत एटीएसारख्या प्रादेशिक संस्था एकत्र येतात. त्यामुळे एका खंडातल्या संस्थेचं काम दुसऱ्या खंडातल्या संस्थेला ओळखीचं असतं.

इथे भ्रम टाळायचा तो असा: एटीए पदवी देत नाही आणि सरकारी मान्यताही देत नाही. एका व्यवसायातल्या लोकांनी एकमेकांचा दर्जा तपासून दिलेली ती कबुली आहे. पुढची सेमिनरी ती मानते, परदेशातली बरीच कॉलेजं विचारात घेतात. सरकारी कार्यालयात तिचा उपयोग नाही, आणि चांगली कॉलेजं हे स्वतःहून सांगतात. काही सेमिनऱ्यांनी यावर तोडगा म्हणून विद्यापीठाचा हात धरला. बंगळूरच्या सायक्स (साउथ एशिया इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड क्रिश्चन स्टडीज) या सेमिनरीत एटीएची मान्यता असलेली एम.टीएच. आहे आणि पीएच.डी.साठी म्हैसूर विद्यापीठाचा रस्ता आहे. मद्रास आणि म्हैसूर या सरकारी विद्यापीठांत ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचे विभागच आहेत. विद्यापीठीय पदवी हवी असलेल्याने ते आधी पाहावेत.

'सदस्य' आणि 'अ‍ॅक्रेडिटेड' यांतला फरक न सांगणं ही या भागातली नेहमीची चलाखी. असोसिएशनचं सदस्यत्व घेतलेलं कॉलेज तिचं बोधचिन्ह छापतं, वाचणारा समजतो मान्यता मिळाली. शिवाय मान्यता अभ्यासक्रमाला असते: एम.डिव.ला (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) असली तरी त्याच कॉलेजच्या ऑनलाइन डी.मिन.ला (डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री) असेलच असं नाही.

कॅथलिक सेमिनऱ्या

इथे गोंधळ कमी, कारण अधिकार एकाच ठिकाणी आहे. पुण्यातल्या ज्ञानदीप विद्यापीठासारख्या संस्था, जिची पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली, व्हॅटिकनच्या अधिकाराने पदव्या देतात. बॅचलर, लायसेन्शिएट, डॉक्टरेट असे तीन टप्पे. ईश्वरविज्ञानाचा पहिला टप्पा पाच वर्षांचा, आणि तत्त्वज्ञानाची दोन वर्षं आधी झाली असतील तर तीन वर्षांचा. लायसेन्शिएट दोन वर्षांचं. हे नियम २०१७ च्या 'व्हेरितातिस गाउदियुम' या पोपच्या संविधानात आहेत आणि दर्जा तपासायला २००७ पासून 'अवेप्रो' ही स्वतंत्र संस्था आहे. चर्चच्या आत ही पदवी जगभर चालते. चर्चच्या बाहेर, भारतीय विद्यापीठात, समकक्षतेचा प्रश्न वेगळा काढावा लागतो.

अमेरिका: मोठा बाजार आणि मोठी पळवाट

महाराष्ट्रातल्या पाळकांच्या नावामागे लागणाऱ्या 'डॉ.' पैकी बऱ्याच अमेरिकेतून टपालाने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या असतात, म्हणून हे नीट समजून घेतलेलं बरं.

अमेरिकेत सरकार कॉलेजांना थेट मान्यता देत नाही. कॉलेजांची तपासणी खाजगी संस्था करतात, आणि त्या संस्थांना शिक्षण खातं किंवा सीएचईए ही परिषद ओळखते. म्हणजे तपासणी दोन मजल्यांची. धर्मशिक्षणात तीन नावं लक्षात ठेवायची. एटीएस ही पदव्युत्तर सेमिनऱ्यांची. तिने १९३६ मध्ये निकष ठरवले, १९३८ मध्ये पहिली यादी काढली आणि आज तिच्याकडे २७० हून जास्त संस्था आहेत. एबीएचई ही १९४७ पासूनची, मुख्यतः बायबल कॉलेजांची. ट्रॅक्स १९७९ ची, तिला सरकारी ओळख १९९१ मध्ये मिळाली. काही ख्रिस्ती संस्था यांच्याऐवजी, किंवा यांच्यासोबत, सर्वसाधारण विद्यापीठांना तपासणाऱ्या संस्थांची मान्यता घेतात. ती असली तर क्रेडिट (पूर्ण केलेल्या अभ्यासाचं माप) दुसरीकडे नेणं सर्वांत सोपं जातं. मान्यता देणाऱ्या संस्थांमधला 'प्रादेशिक' आणि 'राष्ट्रीय' हा भेद नियमाने २०२० पासून शिक्षण खात्याने काढून टाकला आहे, पण तो पाळण्याची विद्यापीठांच्या प्रवेश कार्यालयांची जुनी सवय अजून गेलेली नाही.

पळवाट अशी. धर्मस्वातंत्र्याच्या तत्त्वामुळे फ्लोरिडासारख्या काही राज्यांत धार्मिक संस्थेला सवलत आहे: पदवीच्या नावात धार्मिक विशेषण लावलं की ती मान्यतेशिवाय पदवी देऊ शकते. टेक्सासमध्ये एका सेमिनरीला राज्याने विनापरवाना पदव्या दिल्याबद्दल १,७३,००० डॉलर दंड केला होता. २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सेमिनरीच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे 'आमची पदवी अमेरिकेत कायदेशीर आहे' हे वाक्य अगदी खरं असू शकतं. कायदेशीर असणं वेगळं, दुसऱ्या कोणी ती मानणं वेगळं.

यातून पुढचा धंदा निघाला. मान्यता नाही म्हणून दोन-चार कॉलेजवाले मिळून मान्यता देणारी संस्थाच काढतात आणि एकमेकांना प्रमाणपत्रं देतात. नाव भारदस्त, पत्ता टपालपेटीचा. ओळखायची रीत एकच: त्या संस्थेचं नाव अमेरिकी शिक्षण खात्याच्या किंवा सीएचईएच्या यादीत शोधा. नसेल तर विषय संपला.

विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद कॉलेजकडून मिळाला म्हणजे कॉलेज मान्यताप्राप्त, हीसुद्धा समजूत चुकीची. मान्यता नसलेलं कॉलेजही, तीन मान्यताप्राप्त संस्था आपली क्रेडिट बिनशर्त घेतात असा पुरावा देऊन, परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी मिळवू शकतं.

आकडेमोड करून पाहा

कॉलेज खरं की खोटं हे बऱ्याचदा साध्या गुणाकारावरून कळतं. अमेरिकी व्याख्येत एक क्रेडिट म्हणजे सुमारे पंधरा आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास स्वतःचा अभ्यास, म्हणजे ४५ तास. एटीएसच्या २०२० च्या निकषांत एम.डिव.ला किमान ७२ क्रेडिट लागतात. ७२ गुणिले ४५, म्हणजे ३,२४० तास. कोणी सहा महिन्यांत एम.डिव. देत असेल तर १८० दिवस, रविवार धरून, रोज १८ तास अभ्यास करावा लागेल. त्यातच रविवारची उपासना आणि झोप बसवायची.

हिशोब करताना चलन तपासा. युरोपात एक ईसीटीएस क्रेडिट २५ ते ३० तासांचं आणि वर्षाला ६० क्रेडिट. भारतात यूजीसीच्या क्रेडिट पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास व्याख्यान. त्यामुळे '१२० क्रेडिटचा कोर्स' या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. 'एका क्रेडिटला तुमच्याकडे किती तास?' हे विचारा. उत्तर देता न येणाऱ्या रजिस्ट्रारने क्रेडिटचा हिशोब कधी केलेला नसतो.

डॉक्टरेटसाठी मार्गदर्शक कोण, त्याची स्वतःची पीएच.डी. कुठली, बाहेरचा परीक्षक कोण, हे तीन तपशील मागा. भारतात दूरस्थ पद्धतीच्या पीएच.डी.ला यूजीसी मानत नाही, हेही ध्यानात असू द्या. 'जीवनानुभवावर' मिळणारी आणि देणगीच्या रकमेनुसार बदलणारी डी.डी. (डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी) ही शैक्षणिक पदवी नव्हे. सन्मान म्हणून कोणी दिली, घ्या. पण नावाआधी 'डॉ.' लावून लग्नपत्रिका छापू नका.

कॉलेजला मान्यता घ्यायची असेल तर

छोट्या बायबल कॉलेजचे विश्वस्त हा भाग वाचत असतील, तर आधी एक स्पष्ट बोलणं. बारा विद्यार्थी आणि दोन पूर्णवेळ शिक्षक असतील तर मान्यतेच्या मागे लागू नका. आधी जवळच्या मान्यताप्राप्त सेमिनरीशी करार करून तुमच्या चांगल्या विद्यार्थ्यांना तिथे पुढच्या वर्षाला प्रवेश मिळेल अशी सोय करा. ते काम स्वस्त आहे आणि विद्यार्थ्याच्या खऱ्या उपयोगाचं आहे.

रस्ता सगळीकडे साधारण एकाच वळणाचा. आधी चौकशी आणि पात्रतेचा अर्ज. मग उमेदवारीचा काळ. मग स्वयंमूल्यांकन अहवाल. त्यावर बाहेरच्या पथकाची भेट, पथकाचा अहवाल, मंडळाचा निर्णय, आणि पुढे दरवर्षी माहिती व वर्गणी. एबीएचईत अर्जदार, उमेदवार आणि मान्यताप्राप्त अशा तीन पायऱ्या आहेत. पहिल्या दोन्ही पाच-पाच वर्षांपर्यंत लांबू शकतात. पहिली मान्यता पाच वर्षांची, नंतरची दहा. एटीएसमध्ये पहिली जास्तीत जास्त सात वर्षांची. म्हणजे आज अर्ज करणाऱ्या कॉलेजने आज प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला मान्यताप्राप्त पदवीचं आश्वासन देणं साफ चूक आहे. 'उमेदवार' दर्जा असेल तर माहितीपत्रकात नेमका तोच शब्द छापा.

खरं काम स्वयंमूल्यांकनात असतं. त्याला किमान एक वर्ष द्या. एक समिती नेमा: प्राचार्य, दोन शिक्षक, ग्रंथपाल, हिशोबनीस, एक विश्वस्त, एक माजी विद्यार्थी. प्रत्येक निकषापुढे तीन रकाने आखा: आम्ही काय करतो, पुरावा कुठे आहे, कमी काय आहे. तिसरा रकाना कोरा ठेवणारा अहवाल पथकाला आवडत नाही. सगळं छान असतं तर तुम्ही मान्यतेसाठी आला कशाला, असं त्यांना वाटतं, आणि ते रास्त आहे.

सगळ्यात जास्त कॉलेजं तीन-चार ठिकाणी अडखळतात, आणि त्यातलं पहिलं ठिकाण वर्गाबाहेरचं आहे. संस्थापक प्राचार्य, पत्नी खजिनदार, मुलगा सचिव, मेहुणा अध्यक्ष. शिकवणं उत्तम असलं तरी प्राचार्याला प्रश्न विचारू शकणारं नियामक मंडळच नाही, हे पथक पहिल्या दिवशी हेरतं. तिथे बाहेरची माणसं आणावी लागतात, आणि नुसती नावापुरती नाही. इतिवृत्तांची वही उघडली की सगळं कळतं: पाच वर्षांच्या बैठका एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात, एकही कागद दुमडलेला नाही, आणि प्रत्येक ठराव 'एकमताने मंजूर'. ती वही गेल्या आठवड्यात लिहिली आहे हे सांगायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही.

मग पैसा. सलग काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब लागतात. मंडळीचं आणि कॉलेजचं खातं एकच असेल तर ते आधी वेगळं करा. परदेशातल्या एकाच देणगीदारावर कॉलेज चालत असेल तर पथक विचारणारच की तो थांबला तर पहिल्या वर्षात असलेल्या मुलांची पदवी कोण पूर्ण करणार. एफसीआरए नोंदणीचं (परदेशी देणगी घेण्याच्या सरकारी परवानगीचं) नूतनीकरण अडकल्यावर हा प्रश्न काल्पनिक राहत नाही.

शिक्षकांच्या बाबतीत साधा नियम: जी पदवी शिकवायची तिच्यापेक्षा वरची पदवी शिक्षकाकडे हवी, तीही मान्य ठिकाणची. प्रत्येकाची फाइल करा: मूळ प्रमाणपत्रांच्या प्रती, नेमणूकपत्र, वेतनाची नोंद, शिकवलेले विषय. वर्षातून एकदा दोन आठवडे येणारे पाहुणे प्राध्यापक 'पूर्णवेळ' म्हणून दाखवू नका. पथक विद्यार्थ्यांशी एकट्याने बोलतं, आणि वसतिगृहातल्या मुलाला 'हे सर कधी येतात?' एवढं विचारलं तरी पुरतं.

ग्रंथालयात पुस्तकं मोजली जातात, पण त्याहून जास्त वापर पाहिला जातो. परदेशातून कंटेनरने आलेली, चाळीस वर्षांपूर्वीची दान केलेली पुस्तकं दहा हजार असली तरी देवघेव नोंदवही कोरी असेल तर ती भिंतीची सजावट. मराठी माध्यम असेल तर मराठी पुस्तकांचं वेगळं कपाट, भाष्यग्रंथ, शब्दकोश, आणि विद्यार्थ्यांना खरोखर उघडता येणारा ऑनलाइन संग्रह, एवढं दाखवा.

हल्ली सर्वांत जास्त प्रश्न निष्पत्तीवर, म्हणजे शिकून विद्यार्थ्याला शेवटी काय करता येतं यावर, येतात. 'विद्यार्थी आध्यात्मिकदृष्ट्या समृद्ध होईल' हे उद्दिष्ट तपासायचं कसं? त्याऐवजी 'तिसऱ्या वर्षाच्या शेवटी विद्यार्थी दिलेल्या उताऱ्याचा संदर्भ तपासून वीस मिनिटांचं प्रवचन तयार करील' असं लिहा. मग त्या प्रवचनाचा गुणांचा तक्ता, तीन वर्षांचे नमुने, आणि नमुने पाहून अभ्यासक्रमात तुम्ही काय बदललंत याची नोंद, असा पुरावा उभा राहतो. माजी विद्यार्थी आज कुठे आहेत याची यादीही हवी. फोन करून दोन महिन्यांत ती तयार होते, पण भेटीच्या आदल्या रात्री नाही.

अहवाल बाहेरच्या सल्लागाराकडून लिहून घेण्याचा मोह टाळा. इंग्रजी तपासून घ्यायला हरकत नाही. पण शिक्षकांना स्वतःच्याच अहवालातली वाक्यं ओळखता येत नाहीत, हे मुलाखतीत पाच मिनिटांत उघडं पडतं. आणि निर्णय आल्यावर शिफारशी आणि अटी यांतला फरक नीट वाचा. शिफारस न पाळल्यास पुढच्या भेटीत विचारणा होते. अट मुदतीत पूर्ण न झाल्यास मान्यताच धोक्यात येते.

विद्यार्थ्याने फी भरण्याआधी

कॉलेजने दिलेल्या दुव्यावरून मान्यता तपासू नका. मान्यता देणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ स्वतः शोधून उघडा आणि तिथून कॉलेजपर्यंत या. कॉलेजचं पूर्ण नाव, शहर, पदवी आणि मुदत या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. सारख्या नावाच्या दोन सेमिनऱ्या सर्रास असतात. मग मान्यता देणाऱ्या संस्थेला छोटा ई-मेल करा: 'अमुक कॉलेजच्या अमुक पदवीला सध्या मान्यता आहे का, आणि कोणत्या वर्षापर्यंत?' एवढंच.

त्यानंतर उलट्या टोकाकडून तपासा. पुढे जिथे जायचं आहे तिथल्या प्रवेश कार्यालयाला विचारा की या कॉलेजचे विद्यार्थी तुम्ही घेता का. क्रेडिट स्वीकारायचं की नाही हे नेहमी घेणारी संस्था ठरवते, देणारी नाही. परदेशी पदवी भारतात वापरायची असेल तर समकक्षतेसाठी यूजीसीची २०२५ ची नियमावली आधी वाचा.

फी कोणाच्या खात्यात जाते तेही पाहा. संस्थेच्या नावाचं खातं आणि पावती हवी; संचालकाच्या वैयक्तिक खात्यावर क्यूआर कोडने पैसे मागितले तर तिथेच थांबा. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नका, प्रत द्या. शिकत असताना कॉलेजची मान्यता गेली तर त्या तारखेला तुमची नोंदणी होती का आणि चालू विद्यार्थ्यांची व्यवस्था काय, हे मान्यता देणाऱ्या संस्थेला लगेच लेखी विचारा. कॉलेजच्या तोंडी दिलाशावर सत्र घालवू नका.

पदवी मिळाल्यावर प्रमाणपत्रासोबत प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम तासांसकट, आणि त्या वर्षीच्या माहितीपत्रकाची एक प्रत स्कॅन करून ठेवा. दहा वर्षांनी कुठेतरी मूल्यमापनासाठी अर्ज करताना कॉलेज बंद पडलेलं किंवा रजिस्ट्रार बदललेला असतो, आणि मागितले जातात ते नेमके हेच कागद.